हातभर मुळी

टर्मिटोमायसेस हे नाव मी वर्गात उच्चारलं की पोरं हसतात. मग मी चिडते, आणि चिडले की बरं शिकवते, असं माझ्या नवऱ्याचं, सुधाकरचं, म्हणणं आहे. मोताळ्याच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते. बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे, हे पहिल्याच तासाला सांगते आणि तरी सगळा जीव बुरशीतच अडकवून बसले आहे.

तर टर्मिटोमायसेस. वाळवीच्या वारुळावर उगवणारी अळंबी, आमच्याकडचे टेकोडे. ओळखायच्या खुणा चार. छत्रीच्या मध्यावर टोक असतं, कारण तिला कडक माती फोडून वर यायचं असतं. छत्रीखालची पाती दांड्याला चिकटलेली नसतात. छत्री पांढऱ्या कागदावर पालथी झाकून ठेवली की दुसऱ्या दिवशी कागदावर गुलाबीसर भुकटी पडलेली दिसते. हिरवी दिसली तर ती दुसरी, खाल्ली की माणसाला ओकायला लावून आडवं करणारी. चौथी खूण म्हणजे दांड्याखालची लांब मुळी. वाळवी वारुळाच्या पोटात या बुरशीची शेती करते, त्या शेतापर्यंत ही मुळी गेलेली असते. पहिल्या तीन खुणा इतर अळंब्यांतही कुठं ना कुठं सापडतात. चौथीवर मात्र या प्रजातीची ओळख पक्की होते.

ही चौथी खूण सबंध हातात यावी म्हणून मी काय केलं, ते सांगायचं आहे. सांगताना स्वतःची बाजू घ्यायची मला सवय आहे. ती आवरते.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात आशाबाई श्रावणातले पंधरा-वीस दिवस पळसाच्या पानांवर टेकोडे मांडून बसायच्या. त्या कोथळखेडच्या. घरी थोडा कापूस, थोडं सोयाबीन. सहा वर्षं मी त्यांच्याकडून टेकोडे घेत होते आणि दर वर्षी विचारत होते, "आशाबाई, जागा दाखवा की." त्या दर वर्षी हसून नवं पान पुढं करायच्या. गेल्या श्रावणात मात्र काय मनात आलं कोण जाणे, म्हणाल्या, "या उद्या. पन तीन गोष्टी ध्यानात ठेवा मॅडम. जागा गावाभाईर कोनाले सांगाची नाई. तिथं बोलाचं नाई. अन् लोखंड न्याचं नाई."

मी "हो" म्हणाले. तिन्हीला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. तिसरी त्यांची सून, जयमाला. मे महिन्यात कुलदीपशी तिचं लग्न झालेलं. देऊळगाव राजाकडची, बारावी सायन्स झालेली, हातातला हिरवा चुडा अजून नवा. नव्या सुनेला पहिल्या श्रावणात वारूळ दाखवायचं, अशी त्या घराची रीत. वाटेत आशाबाईंनी ती मला समजावली. पहिलं टेकोडं सुनेनं तोडायचं. पुढच्या साली वारूळ पुन्हा फुललं, की वारुळानं तिला घरची मानली. "माह्या सासूनं मले असंच आनलं होतं," त्या म्हणाल्या. "अन् पुढच्या साली इतके आले, का टोपली भरून पदरात घ्या लागले."

नाल्याच्या वरच्या अंगाला, अर्ध्या जळलेल्या पळसाच्या खोडाशी ते वारूळ होतं. वीस पावलं अलीकडेच आशाबाईंनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या. त्यांनी हळद वाहिली, गुळाचा खडा ठेवला. वारुळाभोवती शंभरेक टेकोडे होते, काही उघडलेले, काही अजून टोक वर करून मिटलेले. जयमालानं पहिलं टेकोडं दांड्याशी धरून हलकेच पिळलं आणि जमिनीलगत मोडून घेतलं. मुळी आत राहिली. ती वारुळाची, तिला हात लावायचा नसतो. मी हे सगळं पाहिलं आणि मला तो क्षण खरोखर आवडला. हे सांगते, कारण त्यानं माझा गुन्हा कमी होत नाही, वाढतो.

परतीच्या वाटेवर बोलायची मुभा मिळाली तशी जयमाला मला म्हणाली, "मॅडम, ती मुळी खाली कुठपर्यंत जात असेल हो?"

"पुढच्या वर्षी सांगते," मी म्हणाले. चांगला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं मी तिच्याकडे बघितलं होतं. तिलाही ते कळलं, ती लाजली.

घरी येऊन मी नमुने तपासले. छत्रीचं टोक काळपट, पाती दाट, दांडा जमिनीलगत जाड. माझ्याकडच्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना. माझे जुने मार्गदर्शक उत्तमराव सर, त्यांना फोन केला. सर म्हणाले, "शैलजा, जाती नवी असेलही. पण मुळी कुठाय? मुळीशिवाय वर्णन पाठवलंस तर समीक्षक वाचणारसुद्धा नाहीत."

पुढच्या रविवारी, भर दुपारी, गावातले सगळे निंदणाला गेलेले असताना, मी कॉलेजच्या बागेतली कुदळ पोत्यात गुंडाळून स्कूटीला बांधली. एकटीच गेले. वारुळापाशी पोचल्यावर मी चपला काढल्या. हातात कुदळ आणि पाय अनवाणी. आठवलं की मला माझीच किळस येते.

तासभर खणलं. मुळी वरून काळी, आत पांढरी, खाली खाली बारीक होत गेलेली. वीस इंच भरली. खड्ड्याच्या भिंतीला तिला तशीच ठेवून शेजारी पट्टी लावली आणि फोटो काढले. सबंध मुळी हातात आली होती. तिथं थांबायला हवं होतं. पण खाली वाळवीची शेतं दिसत होती, अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली, आणि मी आजवर ती फक्त पुस्तकात पाहिली होती. एक काढलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्यासाठी कुदळ मारली तर मातीचा कडक गोळा फुटला आणि आत राणी दिसली. अंगठ्याएवढी, पांढरी, फाटलेली. तिच्याभोवती कामकरी वाळवी सैरावैरा धावत होती.

मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून पाहिलं, पण कळलं होतं. मी माती ढकलली, वर काटक्या पसरल्या आणि घरी आले.

जानेवारीत लेख छापून आला. नव्या जातीला मी जिल्ह्याचं नाव दिलं, सगळ्यांना ते आवडलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, मार्चमध्ये पदोन्नती झाली. लेखाच्या शेवटी आभार आहेत, त्यात सरांचं नाव आहे, प्राचार्यांचं आहे, सुधाकरचंही आहे. आशाबाईंसाठी मी "एक स्थानिक महिला" असं लिहिलं. जागा गुप्त राहावी म्हणून, असं कारण मी तेव्हा मनाशी दिलं होतं. गावाचं नाव तर चार ओळी वरच छापलं होतं.

यंदाच्या श्रावणात बाजारात गेले तर आशाबाईंच्या पुढ्यात नुसत्या गवारीच्या शेंगा.

"टेकोडे?"

"आलेच नाई मॅडम यंदा." त्यांनी शेंगा उगाच सारख्या केल्या. "तुमी शिकलेल्या हाये. येऊन पाहा एकदा, काय झालं ते."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेले. चपला काढल्या. हळदीच्या जुन्या डागांशेजारी, मी खणलं होतं आणि पावसानं सपाट केलं होतं नेमकं त्या जागी, मातीतून काळी बारीक बोटं वर आली होती. दहा-बारा असतील. झायलेरिया. ही बुरशी वाळवीच्या शेतात तणासारखी दडून असते. वाळवी जिवंत असेतो तिला डोकं वर काढू देत नाही. ही बोटं वर आली याचा अर्थ एकच, की वारूळ मेलं. तास घेऊन शिकवावं लागतं असं हे वाक्य मी एका नजरेत वाचलं.

"हे काळी बोटं पाहून आमच्या निंदनातली अन्नपूर्णा म्हनते, कोप हाय," आशाबाई म्हणाल्या. वारुळापाशी बोलायचं नसतं, तरी बोलल्या, यावरून मला त्यांची अवस्था समजायला हवी होती. "नव्या सुनेचा पाय. वारुळानं तिले घरची मानलं नाई. सारं गाव हेच म्हनून राह्यलं. मी सांगतो तुमाले, पोरगी चांगली हाय. पन म्या तरी काय करू? माह्या हातानं तर आनलं होतं तिले."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पाऊस उशिरा झाला ना यंदा. त्यानंही होतं कधी कधी."

येताना त्यांच्या घरी पाणी प्यायले. जयमालानं तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि मागं झाली. आशाबाईंनीच सांगितलं की पंधरा दिवस तिनं देवघराला हात लावलेला नाही, निंदणाच्या बाया तिला आपल्या तासात, म्हणजे निंदायच्या ओळीत, घेत नाहीत. पोळ्याच्या आधी कुलदीप तिला माहेरी सोडून येणार होता. "थोडे दिवस," असं त्या म्हणाल्या. थोडे म्हणजे किती, ते कुणीच ठरवलेलं नव्हतं. उंबऱ्याआड तिचा चुडा किणकिणला आणि थांबला.

चार दिवस मी गेले नाही. या चार दिवसांबद्दल काही सांगण्यासारखं नाही. मी शिकवलं, जेवले, पेपर तपासले. चौथ्या दिवशी सुधाकरला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, पण ही त्यांची अंधश्रद्धा आहे. त्यात तुझा काय दोष?"

हेच वाक्य मी चार दिवस स्वतःला सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती सोयीचं आहे ते कळलं. त्यांची श्रद्धा खोटी असेल, पण वारूळ खरोखर मेलं होतं, आणि कुणी मारलं ते जगात एकट्या मला माहीत होतं. मी कपाटातून नमुन्याचं पाकीट काढलं, छापलेला लेख घेतला आणि निघाले.

आशाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. कुदळ, मुळी, शेतं, राणी, सगळं. सूप हातातच राहिलं त्यांच्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मला ओरडून घ्यायची तयारी होती.

"लोखंड नेलं तुमी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

"म्या नेलं तुमाले तिथं," त्या म्हणाल्या. "म्या. घरात नवी आलेली पोर वाईट ठरली, अन् भाईरचं मानूस म्या हात धरून नेलं." मी "माफ करा" म्हणाले, तर त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं.

"मले सांगून काय होते मॅडम? मी घरातली. मी सांगतलं तर लोक म्हनतीन, सून वाचवून राह्यली. जिथं तिचं नाव घेतल्या गेलं, तिथं जाऊन तुमचं घ्या. बाया आता शेखर पाटलाच्या वावरात हायेत. जेवाले बसल्या असतीन." त्यांनी आत वळून हाक मारली, "जयमाला, चाल. चप्पल घाल."

आम्ही तिघी पुन्हा एकदा निघालो.

सोयाबीनच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, कडुनिंबाखाली दहा-बारा बाया गोल करून बसल्या होत्या. मधोमध अन्नपूर्णा, पन्नाशीची, खुरपं कमरेला खोचलेली, साऱ्या तासाची पुढारीण. मला पाहून एकदम चार-पाच आवाज आले, "या मॅडम, जेवाले या." आमच्याकडे जेवताना वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही कुणी हे म्हटल्याशिवाय राहत नाही. अन्नपूर्णानं भाकरीवर ठेचा ठेवून ती माझ्यापुढं केलीसुद्धा. जयमाला दूर बांधावर उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नाही.

मी म्हणाले, "आधी ऐका. वारूळ जयमालामुळं गेलं नाही. मी खोदलं. गेल्या श्रावणात, कुदळीनं."

अन्नपूर्णा हसली. मोकळं, प्रेमानं हसली. "मॅडम, काऊन असं बोलून राह्यल्या? आमाले समजत नाई का? पोरगी शिकलेली हाय, तुमाले तिची कीव आली."

"मी खरं सांगते आहे."

"खरंच हो," दुसरी म्हणाली, "इतकी मोठी बाई, अन् कोनाच्या सुनेसाठी आपल्या अंगावर घेऊन राह्यली. असं मन पायजे बापा."

बाया माना डोलवत होत्या. एकीनं माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी खरं बोलले होते आणि त्या मला देवमाणूस करत होत्या. आणि सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते. मनात आलं, आता पुरे. मी सांगितलं, त्यांनी मानलं नाही, माझं काम झालं. पोत्यावर बसावं, ठेचा खावा. मी खरोखर वाकले होते बसायला. तेवढ्यात आशाबाईंकडे नजर गेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बांधावरच्या सुनेकडे बघत होत्या.

मी पिशवीतून लेख काढला आणि तिसरं पान उघडून अन्नपूर्णासमोर धरलं. पानभर रंगीत फोटो होता. खड्डा, खड्ड्याच्या भिंतीला मुळी, शेजारी पट्टी, काठावर टेकवलेली कुदळ. आणि मागं अर्धं जळालेलं पळसाचं खोड, ज्याच्या पोकळीत त्या गावातल्या निम्म्या बायकांनी लहानपणी घोरपड शोधली असेल.

अन्नपूर्णानं भाकरी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले आणि पान जवळ घेतलं. शेजारणी तिच्या खांद्यावरून वाकल्या. कुणीतरी त्या पळसाच्या खोडावर बोट ठेवून हळूच म्हणालं, "पयस."

मग मी पाकीट उघडून मुळी काढली. वाळून ती दोरीसारखी झाली होती, वर लेबल बांधलेलं होतं, माझ्याच अक्षरात, माझ्याच नावाचं. अन्नपूर्णानं ती घेतली. आपल्या कोपराशी एक टोक लावलं आणि बोटापर्यंत मापली.

"हातभर हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे मान वर करून पाहिलं. रागानं नव्हे, खरंच समजत नाही अशा चेहऱ्यानं. "हे पाहाले खोदलं?"

एकोणीस वर्षांत मला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. प्रजातीची ओळख, नवी जाती, समीक्षक, सगळं माझ्या जिभेवर होतं आणि त्यातलं काहीही त्या धुऱ्यावर बोलण्यासारखं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

अन्नपूर्णानं बांधाकडे वळून हाक मारली. "जयमाला. ये इकडे, बस." आणि शेजारणीला कोपरानं ढकलून म्हणाली, "सरक वं, जागा दे तिले."

जयमाला आली. बाया सरकल्या, ती मधे बसली. कुणी तिची माफी मागितली नाही, तसं तिथं मागत नाहीत. अन्नपूर्णानं माझ्यापुढं केलेली भाकरी उचलून तिच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातात ती मुळी. जयमालानं भाकरी मांडीवर ठेवली आणि मुळी दोन्ही हातांत आडवी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. लेबल वाचलं. मग मुळी कागदात नीट गुंडाळली, जशी मी गुंडाळली होती तशीच, आणि उठून मला परत दिली.

"समजलं मॅडम," ती म्हणाली, "कुठपर्यंत जाते ते."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी धरून बसले असते. ती परत जाऊन आपल्या जागी बसली. आशाबाईही तिच्या मागं जाऊन टेकल्या आणि त्यांनी सुनेच्या भाकरीतला चतकोर मोडून घेतला. कुणीतरी ठेच्याचा डबा फिरवला, कुणीतरी कांदा फोडला. बायांचं जेवण पुन्हा सुरू झालं, कुठल्या तासाला किती निंदायचं राहिलं ते बोलणंही सुरू झालं.

मी पोत्याच्या कडेला पाकीट हातात घेऊन उभी होते. बराच वेळ उभी राहिले. मला "या जेवाले" असं कुणीही म्हणालं नाही.